वेरूळ-दौलताबादसाठी दिवसभराची गाडी ठरवताना

संभाजीनगरला बाहेरगावचे पाहुणे आले की गाडीवाल्याला फोन जातो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "उद्या वेरूळला जायचंय, किती घ्याल?" समोरून एक आकडा येतो. थोडी घासाघीस होते, दोनशे-तीनशे रुपये कमी होतात आणि गाडी ठरली असं समजून फोन ठेवला जातो. तो आकडा किती तासांचा, किती किलोमीटरचा, किलोमीटर कुठून मोजायचे, मधे कुठे कुठे थांबायचं, यातलं काहीच बोलणं झालेलं नसतं. संध्याकाळी गाडी दारात उभी असते, पोरं पेंगुळलेली असतात आणि मग याच न बोललेल्या गोष्टींवरून वाद होतो. घरच्या आणि ऑफिसच्या पाहुण्यांसाठी आम्ही वर्षानुवर्षं गाड्या ठरवत आलोय. त्यातून पक्कं कळलेलं एवढंच की भाव शेवटी विचारायचा. आधी दिवस कागदावर लिहायचा, मग तो दिवस गाडीवाल्याला वाचून दाखवायचा आणि त्या दिवसाचे किती ते विचारायचं.

दिवस लिहिताना पहिली गोष्ट वार. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. हे ठाऊक नसल्यामुळे मंगळवारी सकाळी लेण्यांच्या फाटकासमोर उभी राहिलेली कुटुंबं आजही दिसतात. गाडीवाला भाडं घेताना हे सांगेलच असं नाही, कारण त्याला तुम्ही "घृष्णेश्वर आणि वेरूळ" सांगितलेलं असतं आणि देऊळ काही बंद नसतं. रविवारी संध्याकाळी पोचणाऱ्यांनी सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा धरला की दोन्ही नीट बसतं. सोमवारी संध्याकाळी पोचणाऱ्यांनी मंगळवारी अजिंठा आणि बुधवारी वेरूळ करावं. श्रावणातल्या सोमवारी मात्र घृष्णेश्वराची रांग आणि वेरूळ गावातली गर्दी इतकी असते की लेण्यांसाठी म्हणून आलेल्यांनी तो दिवस टाळलेला बरा. शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी असते, तीही त्याच रस्त्यावर. शनिवारचाच दिवस हाताशी असेल तर तासभर लवकर निघावं.

दुसरी गोष्ट, वेरूळ आणि अजिंठा एका दिवसात बसवू नयेत. "होतं साहेब, करून देतो" असं सांगणारे भेटतात आणि गाडी फिरवण्यापुरतं ते खरंही आहे. पण वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर वायव्येला आणि अजिंठा शंभरेक किलोमीटर ईशान्येला. अजिंठ्याला जायलाच अडीच तास धरावे लागतात. वेरूळला ३४ लेणी, अजिंठ्याला तीसच्या आसपास. दोन्ही एका दिवसात म्हणजे लेण्यांपेक्षा गाडीची काचच जास्त वेळ बघून होते.

आता वेरूळच्या दिवसाचं बोलू, कारण सगळ्यांत जास्त गाड्या त्यासाठीच ठरतात. शहर, दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, वेरूळ ही ठिकाणं एकाच रस्त्यावर ओळीने आहेत, परत आल्यावर बीबी का मकबरा आणि पाणचक्की. ऐकायला सोपं वाटतं. पण या सहा-सात ठिकाणांचा क्रम काय लावायचा यावर दिवस चांगला जातो की फरफटीचा होतो ते अवलंबून असतं.

किल्ला चढणारी माणसं असतील तर दौलताबाद आधी. माथ्याजवळच्या बारादरीपर्यंत जाऊन खाली यायला दोन तास, फोटो काढणारे बरोबर असतील तर सव्वादोन. हा चढ दुपारी करू नये. खंदक ओलांडल्यावर येणारी अंधारी, म्हणजे खडकातून वळणं घेत वर जाणारा काळोखा मार्ग, हीच या किल्ल्याची खरी जागा आणि तिथे मोबाईलचा दिवा लागतो. बॅटरी गाडीतच भरून घ्यावी. बरोबर वयस्कर माणसं असतील तर त्यांना चांद मिनार आणि भारतमाता मंदिरापर्यंतच न्यावं. तिथपर्यंतची वाट बरीचशी सपाट आहे. एवढ्याला पाऊण तास पुरतो आणि मग किल्ला परतीच्या वाटेवर ठेवला तरी चालतं.

वेरूळच्या लेण्यांची तोंडं पश्चिमेकडे आहेत. दुपारनंतर ऊन आत शिरायला लागतं आणि सकाळी काळपट दिसणारे दगड उजळतात. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी किल्ला आणि दुपारी लेणी हा क्रम आमच्या मते सर्वांत चांगला. एप्रिल-मेमध्ये मात्र उजेडाचा विचार सोडून द्यावा. तेव्हा सकाळी शक्य तितक्या लवकर लेणी, अकरा-साडेअकराला बाहेर, किल्ला खालूनच बघायचा आणि दुपार घरात काढून संध्याकाळी मकबरा.

हिवाळ्यातला एक दिवस घड्याळ लावून सांगतो. साडेसातला शहरातल्या सिडको भागातून निघणं. सव्वाआठला किल्ल्याच्या दारात, साडेदहाला खाली. सव्वाअकराला वेरूळ. आधी घृष्णेश्वर. पुरुषांना गाभाऱ्यात जायचं तर सदरा-बनियन काढावं लागतं आणि मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून फोन, पाकिटं गाडीत कुणाकडे ठेवायची ते आधीच ठरलेलं असावं. रांग धरून इथे तास जातो. साडेबाराला जेवण. सव्वाला लेण्यांत शिरायचं आणि पावणेपाचपर्यंत साडेतीन तास हातात. त्यातला दीड तास एकट्या कैलासाला, म्हणजे १६ नंबरला. खालून एक फेरी, मग भोवतालच्या ओवऱ्या, मग वरचा मजला. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे देऊळ कड्याच्या माथ्यापासून खाली कोरत आणलं, ते अंगणात उभं राहून मान वर केल्यावर समजतं. तासभर बौद्ध लेण्यांना, त्यातही १० नंबर आणि १२ नंबरचं तीन मजली तीनताल चुकवू नये. उरलेल्या वेळात ३० ते ३४ हा जैन गट. तो कैलासापासून उत्तरेला दीड-दोन किलोमीटरवर आहे आणि पाहुणे इथेच कंटाळून "राहू दे" म्हणतात. राहू देऊ नये. ३२ नंबरच्या इंद्रसभेतलं वरच्या मजल्यावरचं कोरीवकाम बघून परतलेला कुणी "उगाच गेलो" असं म्हणाल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. या गटाकडे जायला त्या दिवशी कोणती सोय चालू आहे ते तिकिटाच्या खिडकीवरच विचारून घ्यावं, आपली गाडी आत जाईल असं धरून चालू नये. पावणेपाचला निघून शहरात पावणेसहा ते सव्वासहा. मग मकबरा. तो शेवटी ठेवायचा कारण दिवे लागल्यावरही बघता येतो. त्या दिवशीची शेवटची वेळ मात्र ड्रायव्हरला विचारून घ्यावी. साडेसातला घर.

म्हणजे बारा तास झाले. हा हिशेब आधी केला नाही तर पुढची फसगत ठरलेली.

भाड्याच्या दोन पद्धती चालतात. एक, लोकल पॅकेज, बहुतेक वेळा "आठ तास, ऐंशी किलोमीटर". त्यावरचा प्रत्येक तास आणि प्रत्येक किलोमीटर वेगळा. दुसरी, आउटस्टेशन, म्हणजे किलोमीटरवर, पण दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरून, वर ड्रायव्हरचा भत्ता. वेरूळ कुणी लोकलमध्ये धरतं, कुणी आउटस्टेशनमध्ये. समजा दर किलोमीटरला १३ रुपये आहे आणि किमान ३०० धरले आहेत, तर गाडी नव्वद किलोमीटर पळाली तरी ३,९०० रुपये आणि भत्ता द्यावा लागतो. म्हणून "किलोमीटरला तेराच रुपये" ऐकून हुरळू नये, "किमान किती धरता?" हे लगेच विचारावं. अजिंठ्याला उलट आहे. तिथे जाऊन-येऊन दोनशेच्या वर किलोमीटर होतातच, त्यामुळे किलोमीटरची पद्धत अंगावर येत नाही.

लोकल पॅकेजमधली खोच वेगळी. गाडी "गॅरेज टू गॅरेज" मोजली जाते. म्हणजे ती मालकाच्या घरून निघाली तेव्हापासून परत तिथे पोचेपर्यंतचे तास आणि किलोमीटर तुमचे. गाडी गारखेड्यातून सिडकोत येणार, तिथून वेरूळ, परत सिडको, परत गारखेडा. वरच्या दिवसात हे सगळं धरून ऐंशीचा आकडा ओलांडला जातो आणि आठाचे बारा तास तर होतातच. म्हणून सरळ विचारावं, "दादा, सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात, दारापासून दारापर्यंत, दौलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ, मकबरा. एकरकमी किती?" यावर मिळणारा आकडा आधीच्यापेक्षा मोठा असतो, पण तो बदलत नाही. टोल आणि पार्किंग त्यात आहे की वेगळं, हेही त्याच वाक्यात.

गाडी कुणाची, हा पुढचा प्रश्न. फोन उचलणाऱ्याची स्वतःची गाडी असेलच असं नाही. सुट्टीच्या दिवसांत तो तुमचं भाडं आपलं कमिशन ठेवून दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. सांगितली एर्टिगा आणि आली जुनी टवेरा, असं होतं ते यामुळे. आम्ही विचारतो, "गाडी तुमचीच का? कोण येणार चालवायला?" स्वतःची गाडी स्वतः चालवणारा मिळाला तर उत्तम, कारण वाटेत बेत थोडा बदलला तर तो स्वतःच्या जबाबदारीवर हो-नाही सांगू शकतो. पगारी ड्रायव्हरला प्रत्येक गोष्टीसाठी मालकाला फोन लावावा लागतो आणि त्यात त्याची काही चूक नसते.

आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरचं नाव, नंबर आणि गाडीचा नंबर मागून घ्यावा. तो गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपमध्ये टाकला की गाडी कोणत्या वर्गात नोंदलेली आहे, फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे, ते दिसतं. पाटी पिवळी, काळ्या अक्षरांची हवी. इलेक्ट्रिक टॅक्सी असेल तर हिरवी पाटी, पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी थोडी स्वस्त मिळते, पण खासगी गाडी भाड्याने चालवणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झालाच तर विम्याचा दावा तिथेच अडतो. चारशे रुपयांसाठी एवढी जोखीम घेऊ नये, म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन तर नाहीच.

गाडीचा आकार माणसं मोजून नाही, माणसं आणि सामान मोजून ठरवायचा. डिझायरमध्ये चार जण ऐसपैस बसतात, पण सीएनजीची असेल तर डिकीत टाकी असते आणि विमानतळावरून थेट वेरूळला निघालेल्या चौघांच्या बॅगा मावत नाहीत. एर्टिगात सात सीट आहेत असं सांगतात, मागची ओळ उघडली की सामानाला जागा उरते जेमतेम दोन पाठपिशव्यांची. सहा मोठी माणसं आणि बॅगा असतील तर इनोव्हाच सांगावी. सीएनजी गाडीबाबत आणखी एक सांगणं, "गॅस सकाळी भरूनच या." नाहीतर आपल्या तासांतला पाऊण तास पंपाच्या रांगेत जातो आणि गॅस भरताना सगळ्यांना पोराबाळांसकट खाली उतरावं लागतं.

फोनवर सगळं ठरलं तरी ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचंच. आमचा मेसेज असा असतो:

"नमस्कार दादा. उद्या गुरुवारी सकाळी ७.३०, सिडको. ५ जण, त्यात १ आजी, गुडघ्याचा त्रास. दौलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ (जैन लेणी धरून), मकबरा. ७.३० पर्यंत परत. एर्टिगा, एसी पूर्ण वेळ. ठरलेली रक्कम एकरकमी, टोल-पार्किंगसह. वेळ वाढली तर तासाला जे ठरलंय ते. खरेदीला कुठेही थांबायचं नाही. बरोबर असेल तर 'ओके' पाठवा."

त्या एका "ओके"ने संध्याकाळचे निम्मे वाद मिटतात. ड्रायव्हर वेगळा असेल तर हाच मेसेज त्यालाही पाठवायचा. मालकाशी झालेलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंय असं कधीही गृहीत धरू नये.

मेसेजमधलं खरेदीचं वाक्य मुद्दाम आहे. या रस्त्यावर आणि शहरात पैठणी, हिमरू शाली आणि बिदरीच्या कामाची काही दुकानं गाडी आणणाऱ्याला कमिशन देतात. "पाच मिनिटं फक्त बघा, घ्यायलाच पाहिजे असं नाही" म्हणत गाडी आत वळते आणि पाऊण तास जातो. ड्रायव्हरवर चिडण्यात अर्थ नाही. भाडं कमी करून घेतलेलं असतं, तो ते असं भरून काढतो. आधीच स्पष्ट सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. खरंच पैठणी घ्यायची असेल तर वेगळा अर्धा दिवस काढून पैठणला जावं, शहरापासून पन्नासेक किलोमीटर, आणि माग चालताना बघून घ्यावी. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला तरी नक्षी सुलट्या बाजूसारखीच स्वच्छ दिसते. मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत असतील तर तो भाव देऊ नये.

सकाळी गाडी आली की निघण्याआधी पाच मिनिटं द्यायची. मीटरचा, म्हणजे किलोमीटरच्या आकड्याचा, फोटो काढायचा आणि तो ड्रायव्हरच्या देखतच काढायचा. एसी लावून मागच्या सीटपर्यंत गार हवा येते का बघायचं. आणि मागच्या सीटचे पट्टे. भाड्याच्या गाड्यांना जाड सीट कव्हर घातलेली असतात आणि पट्ट्याची खाच त्या कव्हराखाली गाडली गेलेली असते. पट्टा ओढला जातो पण अडकवायला जागाच सापडत नाही. बोटं घालून कव्हर सरकवलं की खाच वर येते. हे घरासमोर उभ्या गाडीत करावं, दौलताबादच्या घाटात करू नये. ड्रायव्हरने रात्री उशिरा दुसरं भाडं करून झोप मोडलेली नाही ना, हेही सहज विचारून घ्यावं. "रात्री किती वाजता आलात घरी?" एवढा प्रश्न पुरतो. त्याचे डोळे लाल दिसत असतील तर आधी चहा, आणि तरीही जांभया चालूच राहिल्या तर मालकाला फोन.

रस्त्यात अडकायची जागा ठरलेली आहे. दौलताबादजवळ जुन्या तटाची वेस, दिल्ली दरवाजा, रस्त्यावरच आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथे दोन्हीकडून गाड्या दाटतात. परतताना संध्याकाळी पाचनंतर तर फारच. याला पर्याय म्हणून कसाबखेडा-माळीवाड्याकडून वळसा घालून येता येतं. किलोमीटर वाढतात, वेळ वाचतो. नकाशावर लाल रेघ दिसली म्हणून आपणच मागून दिशा सांगत बसू नये. रोज येणाऱ्या माणसाला विचारावं, "दादा, वेशीतून जायचं की कसाबखेड्याकडून?" तो पुढच्या गाडीवाल्याला एक फोन लावतो आणि दोन मिनिटांत खरं उत्तर मिळतं. वाढलेल्या किलोमीटरचं काय, तेही तिथेच बोलून घ्यावं. एकरकमी ठरलं असेल तर प्रश्नच येत नाही.

गाडीतून उतरताना भेटायची जागा आणि वेळ ठरवूनच उतरायचं. लेण्यांच्या आत फोनला रेंज मिळेलच असं नाही. "झालं की फोन करतो" यावर विसंबलं की आपण फाटकाबाहेर उन्हात आणि ड्रायव्हर लांब झाडाखाली गाडीत झोपलेला. "पावणेपाचला, याच पाटीजवळ" एवढं बोलणं झालं की पुरे. ड्रायव्हर हा गाईड नाही, हेही पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं. कैलासाबद्दल तो दोन गोष्टी प्रेमाने सांगेल, पण माहिती हवी असेल तर ओळखपत्र असलेला गाईड फाटकावर घ्यावा आणि त्याचे पैसे वेगळे धरावेत.

अजिंठ्याच्या दिवसाला दोन गोष्टी जास्तीच्या. अजिंठा गाव आणि अजिंठा लेणी एका जागी नाहीत. सिल्लोडवरून पुढे गाव लागतं, मग घाट उतरून फर्दापूर, आणि लेण्यांचा फाटा तिथे. नकाशात नुसतं "अजिंठा" टाकून निघालेल्या नवख्या ड्रायव्हरने गावातच गाडी थांबवलेली आहे. शिवाय आपली गाडी फाट्यापर्यंतच जाते, पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जायचं. म्हणजे पाण्याच्या बाटल्या, टोपी, औषधं, आजींची काठी हे सगळं फाट्यावरच गाडीतून काढून घ्यावं लागतं, विसरलेली वस्तू आणायला परत बसने यावं लागतं. चित्रांच्या लेण्यांत चपला-बूट काढायचे असल्यामुळे लेसच्या बुटांपेक्षा साधी सँडल सोयीची. फ्लॅश चालत नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी खाली डोलीवाले मिळतात, भाव चढण्याआधीच ठरवावा.

ड्रायव्हरच्या जेवणाचं आपण बघायचं. काही ढाब्यांवर गिऱ्हाईक आणणाऱ्या ड्रायव्हरला जेवण फुकट असतं, म्हणून तो तिथेच नेतो. जेवण चांगलं असेल तर जाऊ नये असं काही नाही. आपल्याला दुसरीकडे जेवायचं असेल तर "दादा, तुमचंही आमच्याबरोबर" असं आधी सांगावं, मग तो आनंदाने तिकडे वळतो. सकाळी सहाला घरून निघालेल्या माणसाला अडीचपर्यंत उपाशी ठेवून परतीच्या वाटेवर त्याच्या हाती सहा जणांचा जीव देऊ नये.

दारात परत आल्यावर पुन्हा मीटरचा फोटो, वेळ बघायची आणि हिशेब तिथेच मिटवायचा. पैसे कुणाला द्यायचे हे सकाळीच ठरलेलं असावं. मालकाला ऑनलाइन पाठवले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट ड्रायव्हरला दाखवावा, नाहीतर तो प्रामाणिकपणे तुमच्याकडे मागतो आणि तुम्हाला वाटतं दोनदा घेतोय. वर काही द्यायचं असेल तर ते ड्रायव्हरच्या हातात, रोख, भाड्यात मिसळून नाही. मग मागच्या सीटखाली हात घालून बघावं. पोरांची एक चप्पल, चार्जरची वायर आणि घृष्णेश्वराच्या प्रसादाची पिशवी बहुतेक वेळा तिथेच सापडते. आणि दिवस चांगला गेला असेल तर नंबर सेव्ह करताना नावापुढे "वेरूळ, एर्टिगा, स्वतःची" एवढं लिहून ठेवावं. पुढच्या पाहुण्यांच्या वेळी पहिला फोन त्यालाच.